पाच मिनिटं आणि बाहेर

यंदाच्या हिवाळ्यात मी माझ्या वडिलांना एकूण एकशे अठरा मिनिटं डांबून ठेवलं. त्यातल्या निदान शंभर मिनिटांसाठी त्यांनी काहीही केलेलं नव्हतं.

माझे वडील म्हणजे ऑरेस्ट वॉरोनिक. वय बावन्न. सोमवार ते शुक्रवार शाळेची बस चालवतात आणि रविवारी प्लोव्हर गावच्या आइस हॉकी संघाकडून खेळतात, शिवाय कर्णधारही आहेत. मी लेस्या, त्यांची एकुलती एक मुलगी, आणि आमच्या लीगची एकुलती एक रेफरी. आधी नऊ रेफरी होते. लोकांच्या शिव्या खाऊन एकेक गळत गेला. शेवटचा तर चालू सामन्यात स्केट्स काढून मोज्यांवर बर्फावरून चालत बाहेर पडला आणि थेट ॲरिझोनाला पोचला. आता तो लीगला निवडुंगाचे फोटो पाठवतो.

लीगचा नियम असा की दोन्ही कर्णधारांनी सही केली तर गावातलाच रेफरी चालतो. बाबांनी सही केली, कारण दोघं एकाच पिकअप ट्रकमधून जाऊ, पेट्रोल वाचेल. समोरच्या ब्रँडवेल गावच्या कर्णधाराने सही केली, कारण त्याने माझं काम बघितलेलं होतं.

माझं काम असं की पहिल्याच सामन्यात मागून कुणीतरी म्हणालं, "बापाची पोरगी ती, बापाला कशाला काढेल." मी त्याच मिनिटाला बाबांना दोन मिनिटांसाठी खेळाबाहेर काढलं. त्यांचा खांदा कुणाला तरी लागला होता, किंवा लागणार होता. दोन्ही गावांनी माझं कौतुक केलं. कौतुकाची चटक वाईट. पुढच्या रविवारी बाबांनी थांबताना बर्फ उडवला: दोन मिनिटं. जोरात उसासा सोडला: दोन मिनिटं. एकदा ते नुसते पडले, तेही एकटेच, आसपास कुणी नसताना. तरी मी दोन मिनिटं दिली, कारण पडताना ते माझ्याकडे बघत होते.

बाबा कधी वाद घालत नसत. मुकाट्याने पेनल्टी बॉक्समध्ये, म्हणजे शिक्षा झालेल्यांच्या काचेच्या खोपट्यात, जाऊन बसायचे. तिथला दरवाजा पॅनासियुक बाई उघडतात. बाई एक्याऐंशी वर्षांच्या. अर्ध्या जिल्ह्याला त्यांनी चौथीत शिकवलंय. आता त्या दरवाजा उघडतात, घड्याळ चालवतात आणि माइकवर घोषणा करतात. तीन माणसांची कामं आणि एक थर्मास.

"ऑरेस्ट, आज काय केलंस?" बाई विचारायच्या.

"माहीत नाही, बाई."

"बस खाली. हात मांडीवर."

घरी आई म्हणायची, "अगं, इतकी वर्षं हा माणूस माझ्या पदरी आहे, मीसुद्धा त्याला एवढी शिक्षा दिली नाही."

आता ब्रँडवेलच्या कर्णधाराकडे येते. डॉ. गार्थ हॅलडॉरसन. सहा फूट चार इंच, गोड हसणारा, आणि शंभर मैलांच्या टापूतला एकमेव दातांचा डॉक्टर. दुसरा डॉक्टर शहरात आहे, त्याच्याकडे अकरा महिन्यांची रांग आहे.

हॉकीत समोरून खांदा मारणं हा खेळ झाला. पाठीमागून, समोरच्याला दिसत नसताना, त्याला कठड्यावर नेऊन आपटणं हा गुन्हा: पाच मिनिटं आणि सामन्यातून बाहेर. नियमांच्या पुस्तकात हे ठळक अक्षरांत छापलंय. डॉक्टर सहसा पाठीमागूनच मारायचे. पण मारण्याआधी ते "सॉरी" म्हणायचे, आणि मारल्यावर वाकून समोरच्याच्या तोंडात बघायचे. नोव्हेंबरमध्ये त्यांनी आमच्या नील्स ऑस्टबीला असंच आपटलं. नील्स तेव्हापासून काळा चष्मा लावून फिरतो. चर्चमध्येही लावतो. उजेड सहन होत नाही आणि शब्द आठवत नाहीत. परवा त्याने माझ्याकडे "ते लोणी कापायचं पातळ काहीतरी" मागितलं.

नील्सच्या वेळी मी डॉक्टरांना किती मिनिटं दिली? शून्य. मला दिसलं नाही असं मी सांगितलं. मी आठ फुटांवर उभी होते.

कारण माझ्या उजव्या दाढेचं रूट कॅनल अर्धवट झालेलं होतं. वरती तात्पुरतं सिमेंट, आत सगळं उघडं. डॉक्टरांनी मला कधीही धमकी दिली नाही, इशारा दिला नाही, भुवईसुद्धा वर केली नाही. फार सज्जन माणूस. पण महिन्यातून एकदा मी त्यांच्या खुर्चीत आडवी पडून तोंड उघडते आणि त्यांच्या हातात ड्रिल असतं, ही गोष्ट बर्फावर विसरता येत नाही. आधीच्या नऊ रेफरींचीही तीच गत होती. दोघांना तर कवळी बसवून घ्यायची होती. अशा रीतीने डॉ. हॅलडॉरसन यांना सहा मोसमांत एकूण चार मिनिटं शिक्षा झाली, ती दोन्ही वेळा वेळेआधी घरी निघाल्याबद्दल.

मार्चच्या पहिल्या रविवारी दुपारी दोन वाजता अंतिम सामना झाला. प्लोव्हर विरुद्ध ब्रँडवेल, आमच्या रिंकमध्ये. आई कँटीनमध्ये पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या करंज्या, तळत होती. अर्धा तास आधी नील्स मला दारात भेटला.

"लेस्या, आज बघशील ना नीट?"

"बघते की नेहमी."

"तुझे बाबा हल्ली मागे बघतच नाहीत," तो म्हणाला. "मान वळवली तरी तू दोन मिनिटं देतेस म्हणून. माझं झालं ते झालं. त्यांचं वय बावन्न आहे."

मी म्हटलं, काळजी करू नकोस. असं म्हणताना माझी जीभ आपोआप दाढेवर गेली.

तिसऱ्या सत्राची नऊ मिनिटं झाली होती आणि तीन-तीन बरोबरी होती. पक, म्हणजे खेळातली रबराची चकती, आमच्या कोपऱ्यात गेला. बाबा त्याच्या मागे, कठड्याकडे तोंड करून, मान खाली. डॉक्टर निळ्या रेषेवरून निघाले. मला सगळं दिसत होतं. मला "सॉरी"सुद्धा ऐकू आलं.

मग असा आवाज झाला की कँटीनमध्ये आईच्या हातून झारा पडला.

बाबा कठड्यावर तोंडाने आदळले, बसले, आणि उठले. ते नेहमी उठतात. त्यांनी कठड्याला काही झालं नाही ना ते हाताने चाचपून बघितलं. माझा हात वर गेला. शिट्टी वाजली. मी बाईंच्या खिडकीपाशी गेले, आणि चार महिन्यांची सवय माझ्या तोंडातून बोलली:

"प्लोव्हर, चौदा नंबर. दोन मिनिटं."

चौदा नंबर म्हणजे बाबा.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कशाबद्दल?"

"कठड्याला धोकादायक धडक."

"स्वतःच्या तोंडाने?"

"हो," मी म्हटलं. एकदा सांगितलेलं रेफरीने बदलायचं नसतं, असं ॲरिझोनावाल्याने मला शिकवलं होतं.

बाबा आत जाऊन बसले. प्रेक्षकांमध्ये कुणी ओरडलंही नाही. ओरडायला आधी काय घडलं ते कळावं लागतं. मी पक टाकला आणि खेळ सुरू केला. डॉक्टर माझ्या बाजूने सरकत गेले आणि आपुलकीने म्हणाले, "मंगळवारी साडेनऊ, लेस्या. रिकाम्या पोटी येऊ नकोस हं."

चाळीस सेकंदांनी पक जाळीवरून बाहेर उडाला. मी शिट्टी मारली तर बाई काचेवर थर्मास आपटत होत्या.

"पोरी, इकडे ये. तुझ्या बापाकडे बघ."

बॉक्समध्ये बाबांच्या शेजारी ब्रँडवेलचा एक पंचवीस वर्षांचा खेळाडू आपली दोन मिनिटं भोगत बसला होता. बाबा त्याला समजावत होते, "बस चालू असताना उठायचं नाही. दप्तर मांडीवर घे. कुठल्या थांब्यावर उतरायचंय तुला?"

खेळाडूने भेदरून हेल्मेट मांडीवर घेतलं होतं. "काका, मी ब्रँडवेलचा आहे."

"ती माझी बस नाही," बाबा म्हणाले. "पण बस, सोडतो." मग ते माझ्याकडे बघून हसले, आणि त्यांचा वरचा पुढचा एक दात जागेवर नव्हता. "डार्लीन," ते म्हणाले, "आज पेरोगी आहेत का?"

डार्लीन माझ्या आईचं नाव.

"दोन मिनिटं संपली की तो खेळायला जाणार म्हणतोय," बाई म्हणाल्या. "दरवाजा मी उघडायचा की नाही?"

मला काय करायला हवं ते मला माहीत होतं. नोव्हेंबरपासून माहीत होतं. मी वळले. डॉक्टर मध्यावर उभे राहून पाणी पीत होते. माझ्या दाढेत कुणीतरी दार वाजवल्यासारखा ठणका आला. मी एक मूठ दुसऱ्या तळहातावर आपटली आणि डॉक्टरांकडे बोट केलं. खूण झाली. आता तोंड उघडणं भाग होतं.

"ब्रँडवेल, आठ नंबर. पाठीमागून धडक. पाच मिनिटं आणि बाहेर. चौदा नंबरची शिक्षा रद्द. माझं चुकलं."

बाईंचा माइक चालू होता. "माझं चुकलं" सगळ्या रिंकभर दोनदा घुमलं. रेफरीच्या तोंडून हे शब्द आमच्या जिल्ह्यात कुणी ऐकलेले नव्हते. एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

डॉक्टर सरकत आले. रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते. "माझी? पण मी सॉरी म्हणालो होतो."

"तुम्ही आधी म्हणालात, डॉक्टर."

"आधी म्हणणं जास्त सभ्यपणाचं नाही का?"

"मारणार हे माहीत होतं, म्हणून आधी म्हणालात."

त्यावर त्यांनी खरोखर विचार केला. तेवढ्यात प्रेक्षकांमधून नील्स उठला. काळा चष्मा, हातात पेरोगीची बशी. तो ओरडला नाही, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"मग नोव्हेंबरमधलं माझं काय?"

"तेव्हा मी काहीच दिलं नव्हतं," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय."

"मला दिसलं होतं, नील्स. दिसूनही दिलं नाही. माझं चुकलं."

नील्सने ते थोडा वेळ तोंडात घोळवलं. "बरं," तो म्हणाला, आणि खाली बसला. "बरं"ने मला जेवढं लागलं तेवढं नऊ रेफरींना मिळून पडलेल्या शिव्यांनीही लागलं नसतं.

डॉक्टर बॉक्सजवळून बाहेर चालले होते. त्यांनी सवयीने वाकून बाबांच्या तोंडात बघितलं आणि चेहराच पालटला. खेळाडू गेला आणि डॉक्टर उरला.

"दात कुठाय?"

"पडला असेल," बाबा म्हणाले.

"तासाभरात परत बसवला तर जगेल. कुणी हलू नका. स्केटखाली येईल."

तर मग दोन्ही संघांचे तीसच्या तीस खेळाडू बर्फावर हातापायांवर उतरले आणि रांगू लागले. पांढऱ्या बर्फावर पांढरा दात शोधणं म्हणजे काय असतं ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. गोलकीपर नाक टेकवून चालला होता. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली आणि दोघांनी सवयीने माझ्याकडे बघितलं. मी दोघांनाही समज दिली, अगदी सारखी. एकूण तीन दात सापडले. डॉक्टरांनी पहिला उजेडात धरला.

"हा जानेवारीतला. याला मी ओळखतो." दुसरा बघितला. "हा माझ्या पेशंटचा आहे, पण या पेशंटचा नाही." तिसऱ्यावर ते हसले. "ऑरेस्ट. दूध आणा कुणीतरी, दुधात दात टिकतो."

कँटीनमध्ये फक्त चॉकलेट मिल्क उरलं होतं. आईने तेच कागदी कपातून आणलं. डॉक्टरांनी देवाचं नाव घेतलं आणि दात आत टाकला. तो लगेच दिसेनासा झाला.

दाताचं ठीक होतं, पण मला डोक्याची काळजी होती. साठ किलोमीटरवर हॉस्पिटल, ॲम्ब्युलन्सही तिथलीच. ती येणार, मग जाणार. ट्रक बाहेर उभा होता. आणि सामन्याची सव्वादहा मिनिटं बाकी होती.

"जा तू," बाई म्हणाल्या. "शिट्टी दे इकडे."

"तुम्ही? बाई, डॉक्टरांच्या संघाचा सामना आहे. उद्या तुम्हाला त्यांच्याकडेच..."

"काय? त्यांच्याकडे माझं काय काम?" बाईंनी जिभेने वरची कवळी अर्धी बाहेर काढून दाखवली आणि परत आत घेतली. "एकोणीसशे एक्याण्णव साली सगळे काढले. शहरात. या जिल्ह्यात निष्पक्ष माणूस कोण असेल तर मी."

नियमाप्रमाणे पंचाशी हुज्जत घालायचा हक्क फक्त कर्णधारांना असतो. एक कर्णधार बाहेर काढलेला होता, दुसरा अजून बस चालवत होता. कोणाचाच आक्षेप आला नाही. बाई बर्फाच्या बुटांनी रिंकच्या मध्यावर चालत गेल्या, दोन्ही संघांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पहिल्यांदा सगळ्यांनी नाकं पुसा." तिसांनी पुसली.

मी ट्रक चालवत होते. बाबा माझ्या शेजारी. मागच्या सीटवर आई, आणि तिच्या बाजूला डॉ. हॅलडॉरसन, पूर्ण पोशाखात, स्केट्ससकट, दोन्ही हातांत कप धरून. स्केट्स काढायला वेळ नव्हता म्हणून त्यांनी पाय वर घेतले होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, ते कप घेऊन आपले आपण चढले होते.

"इथेच नाही का बसवता येणार?" आईने विचारलं.

"या रस्त्यावर? उलटा बसेल."

"तळाशी आहे ना पण तो?"

"असावा." डॉक्टरांनी कप हळूच हलवून कानाशी नेला. "आहे."

लख्ख ऊन होतं. दोन्हीकडे शेतांवर बर्फ. बाबांनी कपाळाला हात लावला. "कोण जिंकलं?"

"आपण," मी म्हटलं. "चार-तीन."

"छान." पाच किलोमीटरनंतर, "कोण जिंकलं?"

"आपणच. सात-तीन. तुम्ही दोन मारले."

"मी?" बाबांना मनापासून आनंद झाला. तिसऱ्या वेळी मी नऊ केले. चौथ्या वेळी आई मागून म्हणाली, "पुरे कर, उद्या पेपरात बघेल तो." मग मी पुन्हा चारवर आले.

"आणि गार्थने मला मारलं का गं? असं काहीतरी वाटतंय."

"मारलं. पाठीमागून."

"किती दिलेस?"

"पाच मिनिटं आणि बाहेर."

बाबांनी मान डोलावली, जपून. धान्याचं कोठार मागे गेलं. "गार्थला किती दिलेस?"

"पाच मिनिटं आणि बाहेर."

सामन्याचा निकाल मी दर वेळी नवा सांगत होते, मला माहीतच नव्हता तो. पण हे उत्तर मी बदललं नाही. सहा वेळा विचारलं, सहा वेळा तेच. सातव्या वेळी मी तोंड उघडायच्या आत मागून डॉक्टर म्हणाले,

"पाच मिनिटं आणि बाहेर, ऑरेस्ट."

बाबांनी मागे वळून बघितलं. चार महिन्यांत प्रथमच त्यांनी मान मागे वळवली असेल. "तू इथे काय करतोयस?"

"बाहेर काढलंय मला."

"बरोबर केलं. फार वाईट मारतोस तू, गार्थ. त्या नील्सला बघ."

डॉक्टरांनी कप मांडीवर टेकवला. "नील्सच्या घरी जाऊन येतो," ते म्हणाले. "आणि लेस्या, मंगळवार साडेनऊच. तुझ्या दाढेचा याच्याशी काही संबंध नाही. तुला असं वाटत होतं?"

"सगळ्यांना वाटतं, डॉक्टर."

"सगळ्यांना?" ते म्हणाले. "सहा वर्षं मला वाटत होतं, मी नियमातच खेळतोय. कुणी कधी शिट्टीच मारली नाही." मग कप सांडू नये म्हणून तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

हॉस्पिटलची पाटी दिसू लागली तेव्हा बाबांनी सीटबेल्ट नीट केला आणि रस्त्याकडे बघत विचारलं, "आणि मला किती मिनिटं?"

"तुम्हाला काही नाही, बाबा."

"काहीच नाही?"

"शून्य. तुम्ही काही केलंच नव्हतं."

दोन चौक गेल्यावर बाबांनी परत विचारलं. मी परत सांगितलं. दारात व्हीलचेअरमध्ये बसताना विचारलं, आणि नर्स डोळ्यांत बॅटरी मारत असताना तिच्या खांद्यावरून डोकावून विचारलं, तेव्हाही मी तेच सांगितलं. शेवटच्या दोन वेळा त्यांना उत्तर व्यवस्थित आठवत होतं, असा माझा संशय आहे.